पापलेटच्या मापाच्या पिशव्या

दहाला दार उघडायचं होतं आणि पावणेदहा झाले तरी आमच्या टेबलावर चादरसुद्धा अंथरलेली नव्हती. शेजारी हितेंद्रची रंगीत पणत्यांची आरास करून झाली होती, तिच्याभोवती लाइटची माळ सोडून झाली होती, आणि आता तो मोबाइल तोंडासमोर धरून केस नीट करत होता. मी स्टुलावर उभी होते. सुतळीचं एक टोक दातात, दुसरं खिडकीच्या गजाला, आणि खालून ऋतिका ओरडत होती, "ताई, पडाल! ताई, एक मिनिट उतरा ना! ताई, आल्या, काशीबाय आल्या!"

काशीबाय डोक्यावर गाठोडं घेऊन हॉलच्या दारातून थेट आमच्याकडे आली आणि तिने ते टेबलावर धपकन टाकलं. "घे गो बाय, तीस हायेत. बघून घे. माझी टोपली गल्लीत शेजारणीच्या भरवशावर टाकून आयलंय."

बघून घे म्हणाली. मी बघितलं नाही. पुढे जे काय झालं त्याची सुरुवात इथे आहे, म्हणून आधीच सांगून टाकते.

दादरला दरवर्षी दिवाळीच्या आधीच्या शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये हा बाजार भरतो. बावीस संस्था, बावीस टेबलं, आणि अट एकच, की वस्तू हाताने बनवलेली असावी आणि ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांनीच ती बनवलेली असावी. कुणाची उटणी, कुणाची क्रोशाची तोरणं, कुणाचे कागदी कंदील. हितेंद्रच्या संस्थेत रे रोडच्या वस्तीतल्या बायका पणत्या रंगवतात. मला हा दिवस दिवाळीपेक्षा जास्त आवडतो. दिवाळीत घरी फराळ करावा लागतो, इथे नुसतं ओरडावं लागतं. तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत हस्तकला शिकवली, ती काय कुजबुजून? रिटायर झाल्यावर लालबागच्या 'हातभार' सेंटरमध्ये आले. तिथे पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेली माणसं येतात. सकाळी ऋतिका त्यांच्याकडून व्यायाम करून घेते, दुपारी मी त्यांना हातकाम शिकवते. ऋतिका गोड बोलून करून घेते. माझी पद्धत वेगळी आहे.

काशीबाय आमच्या सेंटरच्या गल्लीच्या तोंडाशी मासे विकायला बसते. माझे बांगडे साफ करता करता ती नवऱ्याचं रडगाणं गायची. तुळशीदास तांडेल, माझगावच्या कोळीवाड्यातला. चाळीस वर्षं समुद्रात गेला. झटका आला, डावी बाजू गेली, होडी विकली, आणि त्यानंतर तीन वर्षं माणूस खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला. "बोलत नाय," काशीबाय सांगायची. "बोलला तं भांडतो. मी धक्क्यावरनं येते, मासली विकते, घरी जाते, तं सकाली जसा बसलेला तसाच. बाय, मना घरी जायची भीती वाटते. आज हा असंल का, नसंल." हे सांगताना तिचा कोयता थांबला नाही, पण मला त्या दिवशी बांगडे गोड लागले नाहीत.

जूनमध्ये ऋतिकाने त्याला कसंबसं सेंटरवर आणलं. उजव्या हातात काठी, डावा हात पँटच्या खिशात. तो हात तो कुणाला दाखवायचा नाही. झटक्यानंतर त्याची दोन बोटं ताठ झाली होती, लाकडासारखी, काही केल्या वाकत नव्हती. मी कागदाची फुलं दिली, नको. मणी दिले, नको. सगळ्याला एकच उत्तर, "नाय." माझं डोकं फिरायचं. सेंटर लालबागच्याच एका शाळेच्या तळमजल्यावर आहे आणि मागच्या पटांगणात व्हॉलीबॉलचं नेट आहे, मधोमध फाटलेलं. एक दिवस हा माणूस जागेवर नाही. शोधलं, तर पटांगणात. नेटचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, आमच्याकडे पाठ, आणि फाटलेला भाग भराभर भरत चालला होता. मी हाक मारली तसा डावा हात खिशात गेला.

तिथून पिशव्यांची कल्पना निघाली. जाळ्याच्या निळ्या-हिरव्या दोऱ्याच्या पिशव्या, दिवाळीच्या बाजारात. तुळशीदासने सेंटरवर एक नमुना करून दाखवला, माझ्या फूटपट्टीवर भोकाचं माप धरून. सुरेख बारीक वीण. मी नाचायचीच बाकी होते. मग तो म्हणाला, बाकीच्या घरी करतो, इथे सगळे बघत बसतात. आणि निघताना दारात थांबून त्याने विचारलं, "टीचर, आत काय रहायला पायजे?"

मी तेव्हा फोनवर होते. टेबलाची जागा कोपऱ्यात दिली म्हणून आयोजकांशी भांडत होते. मी हात हलवला. "काहीही हो, तुळशीदासदादा! बाजार. तुमच्या हिशेबाने करा."

तो मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी काशीबायने निरोप आणला, आणि तो निरोप मी चार महिने उराशी घेऊन हिंडत होते. "तो बोलला, तुझ्या शब्दावर करतो. पण त्यातली एक जरी माघारी आली ना, तं तो सेंटरला पाऊल टाकनार नाय. आणि बाय, तो बोलला तं करतो." मग आवाज खाली करून म्हणाली, "आता जरा जेवतो. काल माझ्यावर हसला. तेवढं माघारी येऊ देऊ नको."

तर, शनिवार. दहा वाजले, दार उघडलं, आणि माणसांचा लोंढा आत आला. आम्ही तीसच्या तीस पिशव्या सुतळीवर टांगल्या होत्या. काय दिसत होत्या! निळी, हिरवी, मधूनच एक भगवी. खिडकीतून ऊन यायचं आणि खाली चादरीवर जाळीची नक्षी पडायची. रिकाम्या टांगल्या की जाळं आपलं आपण मिटून घेतं, भोकं दिसत नाहीत, नुसत्या सडसडीत वेण्या लोंबाव्यात तसं दिसतं. मला हे तेव्हा कळलं नाही. तेव्हा मला एवढंच कळत होतं की लोक हितेंद्रच्या लाइटच्या माळेला वळसा घालून माझ्याकडे येत आहेत.

"या, या, बघा! प्लॅस्टिक नाही, मशीन नाही! माझगावच्या तांडेलाने हाताने विणलेली! खऱ्या जाळ्याचा दोरा, माणूस बसवला तरी तुटणार नाही!"

"ताई, माणूस बसवू नका म्हणा," ऋतिका हसत म्हणाली, पण तिचेही गाल लाल झाले होते. अर्ध्या तासात अकरा पिशव्या गेल्या. अकरा! गेल्या वर्षी आमची कागदी फुलं संध्याकाळपर्यंत तेवढी गेली नव्हती. एका कॉलेजच्या मुलीने पिशवी खांद्याला लावून चार फोटो काढले. एक आजोबा गाठी ओढून ओढून बघत म्हणाले, "ही कोळ्याची गाठ आहे, घसरायची नाही." मी हितेंद्रकडे बघून भुवया उडवल्या. त्याने माळेचा रंग बदलला.

बारावी पिशवी इरावतीबाईंनी घेतली. नाव मला नंतर कळलं. माटुंग्याच्या, इस्त्रीची सुती साडी, चष्म्याला साखळी. पिशवी घेऊन त्या शेजारी हितेंद्रकडे गेल्या, निवडून निवडून बारा पणत्या घेतल्या, आणि "कागदात नको, ही नवी पिशवी आहे ना," असं म्हणून एकेक करून आत सोडल्या.

एकेक करूनच त्या खाली आल्या.

पहिलीचा आवाज झाला तेव्हा मला वाटलं कुणीतरी कप फोडला. मग दुसरी, तिसरी. इरावतीबाई घाबरल्या आणि त्यांनी पिशवी वर उचलली, तशी जाळी पसरली आणि उरलेल्या सगळ्या एकदम फरशीवर. अख्खा हॉल वळून बघायला लागला. आणि मला ती पिशवी पहिल्यांदा नीट दिसली. भोकं! एकेका भोकातून माझी मूठ गेली असती.

"अहो, ही पिशवी आहे की चेष्टा?" इरावतीबाईंनी ती टेबलावर टाकली. "मला नको. परत घ्या."

परत. म्हणजे माघारी. मी पिशवी घेतली, टेबलाखाली खोक्यात कोंबली आणि वरून चादर खाली ओढली. बाईंना पिशवीचे पैसे दिले, हितेंद्रला म्हटलं पणत्या आमच्याकडून, आणि ऋतिकाचा दंड धरून तिला खांबामागे नेलं.

"अकरा बाहेर गेल्यात. पकड. एकेकाला पकड. सांग, मोठ्या वस्तूंसाठीच आहेत. नारळ, कंदील, कोहळा. काहीही सांग, पण कुणी परत घेऊन येता कामा नये!"

"ताई, उटण्याचे काका!" ऋतिका किंचाळली. एक गृहस्थ पिशवी हलवत चालले होते आणि त्यांच्या मागे मागे उटण्याच्या पुड्या पडत चालल्या होत्या, दर चार पावलांना एक. त्यांना पत्ताच नव्हता. ऋतिका पुड्या गोळा करत त्यांच्यामागे पळाली. मी दुसरीकडे. कॉलेजच्या मुलीने आत मोबाइल टाकला, तो मी फरशीवर पडायच्या आत झेलला. एका बाईने कंदील ठेवला होता, तो मात्र मस्त बसला होता, मी तिला मिठीच मारली. धावून धावून माझा श्वास फुलला होता, घाम फुटला होता, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यात मला हसूही येत होतं. भीती आणि हसू एकदम आलं की माणूस कसा दिसतो ते हितेंद्रच्या चेहऱ्यावरून समजत होतं.

मी टेबलाशी परत आले आणि समोर काशीबाय उभी.

"बाय, बघ कोनला आनलंय!" ती नव्या लुगड्यात होती, मासळीची टोपली कुठल्या कुठे. तिच्या मागे, काठी टेकत, पांढराशुभ्र शर्ट, केसाला तेल, डावा हात खिशात. तुळशीदास. "मगाशी घरी गेले तं हा तयार होऊन बसलेला. बोलतो, माझी जाली कोन नेतात ते मना बघायचंय. तीन वर्सांनी टॅक्सीत बसला गो!"

मला त्याला बघून आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण माझा पाय आपसूक टेबलाखालच्या खोक्याला लागला आणि मी तो अजून आत सरकवला.

त्याला खुर्ची दिली. तो सुतळीकडे बघत होता, अठरा राहिल्या होत्या. "बारा गेल्या?" त्याने विचारलं.

"बारा," मी म्हटलं. ते खोटंही नव्हतं.

त्याने मान हलवली आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला तिथेच रडू फुटलं असतं. पण रडायला वेळ कुठे होता? एक बाई पणत्यांचा पुडा घेऊन आमच्या टेबलाशी आल्या होत्या आणि हिरव्या पिशवीला हात लावत होत्या. मी मध्ये पडले. "ही फक्त नारळासाठी हं."

"नारलासाठी?" तुळशीदास म्हणाला. "कोन बोललं?"

आता काय सांगणार? मी खाली वाकले. हळू आवाजात, जो मला येत नाही. "तुळशीदासदादा, ही भोकं एवढी मोठी कशी हो? नमुना तर बारीक होता."

"ही पापलेटची."

"पापलेटची?"

"बारका मासा सुटून गेला पायजे, नायतर उद्या धरायचा काय? भोकाचं माप धरायची माझ्या घरची पट्टी पापलेटची. तीच हाताला बांधून विनलं." तो माझ्याकडे बघत होता, शाळेत मी मठ्ठ मुलांकडे बघायचे तसा. "मी इचारलं नव्हतं? आत काय रहायला पायजे? तू बोलली, तुमच्या हिशेबानं."

विचारलं होतं. चार महिन्यांपूर्वी, दारात उभं राहून, अगदी बरोबर तोच प्रश्न विचारला होता, आणि मी हात हलवला होता. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी मुलांना एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली, आधी वस्तू कशासाठी ते विचारा, मग कात्री धरा. मला स्वतःलाच एक चपराक द्यावीशी वाटली.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "लोकांना यात पणत्या न्यायच्या आहेत."

पणत्यांचा पुडा घेतलेल्या बाई अजून तिथेच होत्या. तुळशीदासने त्यांना विचारलं, "पनती केवढी? दाखव." त्यांनी एक दिली. त्याने ती उजव्या हातात फिरवली, खाली ठेवली, आणि शर्टाच्या वरच्या खिशातून जाळं विणायची सुई काढली, दोरा भरलेली. सुई सोबत नसताना हा माणूस घराबाहेर पडत नसावा. "काशी, पट्टी?"

"ती कुठं आनली? ती घरी ऱ्हायली."

तो थांबला. टेबलावर फूटपट्टी नव्हती. हितेंद्रने आईस्क्रीमची काडी पुढे केली, ती फार बारीक. ऋतिकाने गळ्यातलं ओळखपत्र दिलं, ते फार रुंद. तोवर सात-आठ माणसं जमली होती, कारण भर बाजारात एखादा माणूस गप्प बसून विचार करताना दिसला की मुंबईत गर्दी होतेच. तुळशीदासने त्या गर्दीकडे बघितलं. मग पणतीकडे. मग बराच वेळ स्वतःच्या मांडीकडे.

आणि त्याने डावा हात खिशातून बाहेर काढला.

ऋतिकाने माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की बांगडी रुतली. तो हात त्याने उजव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला, सगळ्यांसमोर. ती दोन ताठ बोटं, जी वाकवायला ऋतिका जूनपासून झटत होती, ती त्याने एकमेकांना चिकटवली. पिशवीचं एक टोक चप्पल काढून पायाच्या अंगठ्यात अडकवलं. दोरा त्या दोन बोटांवरून घेतला, गाठ मारली, ओढली. बोटं जागची हलली नाहीत. पुन्हा दोरा, पुन्हा गाठ. पट्टी काय करते? ताठ राहते. ती बोटं तेच करत होती. पापलेटच्या प्रत्येक भोकात त्याने आडवं-उभं विणून बारीक भोकं पाडली आणि पिशवीचा तळ बघता बघता भरून आला. सुई दिसतही नव्हती, नुसता दोऱ्याचा सरसर आवाज.

"ठेव," तो म्हणाला.

बाईंनी एक पणती ठेवली. मग पुडाच आत ओतला. पिशवी उचलली. आम्ही सगळे फरशीकडे बघत होतो, हितेंद्र तर हात पसरून झेलायच्या तयारीत. काही पडलं नाही. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. तुळशीदासने वर बघितलंसुद्धा नाही. "तुला काय ठेवायचं?" त्याने पुढच्याला विचारलं.

त्यानंतर जे झालं ते मी पुढची दहा वर्षं सांगत राहणार आहे. रांग लागली! आमच्या कोपऱ्यातल्या टेबलाला! आधी घेऊन गेलेलेसुद्धा हॉलमधूनच वळून आले. उटण्याचे काका आले, "मला पुड्यांच्या मापाचं." एकीला कांदे, एकीला लोकरीचे गुंडे. एका पोरगेल्या नवरदेवाला बायकोच्या हेल्मेटसाठी हवी होती, त्याला तुळशीदासने आहे तशीच दिली, "तुला पापलेटचीच चालंल." प्रत्येकाला तोच प्रश्न, काय ठेवणार, आणि प्रत्येकाचं माप तो त्या दोन बोटांवर काढत होता. बारीक हवं तर एक बोट, मोठं हवं तर दोन. काशीबाय चादरीच्या टोकाला उभी राहून रांग सांभाळत होती. मासळीबाजारात तयार झालेला आवाज तो. माझा आवाज मोठा आहे असं मला त्या दिवसापर्यंत उगाच वाटत होतं. "ओ ढकलू नका! तांडेल एकच हाय!" ऋतिका व्हिडिओ काढत होती, हितेंद्र आपलं टेबल सोडून दोरा गुंडाळून देत होता, आणि मी पिशव्या उतरवून देता देता सगळ्यांवर डाफरत होते, आनंदाने.

एक वाजता सुतळी रिकामी झाली. शेवटची भगवी पिशवी गेली आणि मागच्या मुलीचा चेहरा पडला. "संपल्या? काका, एकच द्या ना."

"एक हाय की!" काशीबाय म्हणाली. तिला टेबलाखालून हिरवा दोरा दिसला होता. मी "अगं, थांब," म्हणेपर्यंत तिने चादर वर करून खोका ओढला आणि पिशवी टेबलावर ठेवली.

जाळीत पणतीचा एक तुकडा अडकलेला होता. लाल, कडेला सोनेरी रंग.

तुळशीदासने तुकडा काढला. पिशवीकडे बघितलं. सुई खाली ठेवली. "ही कुठनं आली?"

मला तीन खोटी कारणं सुचली, चांगली होती. पण एकदा त्याचा प्रश्न नीट न ऐकता मी उत्तर दिलं होतं. "परत आली," मी म्हटलं. "सकाळीच. तुम्ही यायच्या आधी. मी लपवली."

काशीबायचा हात तोंडावर गेला. तिला वाटलं, आपणच केलं. रांगेतल्या कुणाला काही कळलं नाही, पण आम्हा तिघींना कळलं होतं. तुळशीदासचा डावा हात टेबलावरून हळूहळू खाली मांडीवर गेला.

"गाठ सुटली?" तो म्हणाला.

"नाही."

"दोरा तुटला?"

"नाही हो. पणत्या खाली पडल्या. बारा."

"कोन होती ती?"

आणि त्या तिथेच होत्या. इरावतीबाई. रांगेच्या बाजूला, चष्म्याची साखळी चाचपत, किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. पुढे आल्या आणि माझ्याकडे न बघता त्याच्याशी बोलल्या. "माझीच होती ती. मी जरा तोडून बोलले. तुम्हाला विणताना बघितलं आणि वाटलं, ती परत मागावी. पण आता त्या मुलीला हवी असेल तर..."

"तिला दुसरी करून देईन," तुळशीदास म्हणाला. त्याचे डोळे पिशवीवर. उजव्या हाताने तो गाठी चाचपत होता, एकेक, सगळ्या. शेवटी त्याने मान वर केली. "काय ठेवनार?"

"पणत्या."

"पनत्या दिवालीपुरत्या. बाकीचं वरीस?"

इरावतीबाईंनी विचार केला. "भाजी. लिंबं, मिरच्या. आलं."

"मिरच्या!" तो जवळजवळ ओरडलाच. "मिरचीला लय बारीक लागंल. कोलंबीच्या जाल्यासारखं. ते आता इथं गर्दीत नाय व्हायचं, बसून करायला पायजे." त्याने मांडीवरचा हात पुन्हा उचलून टेबलावर ठेवला आणि ती दोन बोटं बाईंसमोर धरून एक बोटसुद्धा कसं जाड पडेल ते दाखवलं. मग पिशवी घडी करून त्यांच्या हातात दिली. "आता घेऊन जा. आणि सोमवारी माघारी आना. लालबागला, आमच्या सेंटरवर. मी असतो तिथं."

काशीबायने पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला, रांगेतलं कुणीतरी पुढे घुसत होतं म्हणून.

"किती वाजता उघडतं तुमचं सेंटर?" इरावतीबाईंनी मला विचारलं.

सोमवारपासून सेंटरला दिवाळीची आठ दिवस सुट्टी होती. तशी नोटीस मी स्वतःच्या हाताने दारावर चिकटवून आले होते. ऋतिका माझ्याकडे बघत होती, काशीबाय बघत होती.

"दहाला," मी म्हटलं. "दहाच्या ठोक्याला उघडतं."